तक्रार कोणाकडे करायची? : उत्सवातलं वागणं आणि सुरक्षितता

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळाचे कार्यकर्ते आहेत, म्हणून सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आज रात्री तुमच्या मांडवात एखाद्या मुलीला गर्दीत कुणी नकोसा हात लावला, तर ती कोणाकडे जाईल? अध्यक्षांकडे, असं उत्तर बहुतेक जण देतात. पण त्या मुलीला अध्यक्ष कोण हे माहीत असतं का? आणि हात लावणारा अध्यक्षांच्याच मित्रमंडळातला असेल तर?

आम्ही एका गल्लीतल्या गणेशोत्सवाचे कार्यकर्ते. पगार कुणालाच नाही, दिवसा नोकरीधंदा आणि संध्याकाळनंतर मांडव. आज जे सांगणार आहोत ते आम्ही चुका करतच शिकलो.

स्वयंसेवकांच्या कार्यक्रमाची अडचण कारखान्यापेक्षा किंवा कार्यालयापेक्षा वेगळी असते. तिथे साहेब असतो, नोकरीचे नियम असतात. आपल्याकडे कोण कोणाला काढणार? जो माणूस रात्रभर जागून मंडप उभारतो, वर्गणीसाठी शंभर जिने चढतो, त्याला ‘तू असं वागू नकोस’ म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय आपण याला घरचं कार्य म्हणतो. घरच्या कार्यात आपुलकी असते हे खरंच, पण घरातली गोष्ट घरातच दाबायची सवयही तिथूनच येते.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. काही वर्षांपूर्वी आमच्या ढोल-ताशा पथकात एक मुलगी वाजवायची. सरावाच्या वेळी एक जुना कार्यकर्ता ढोलाची दोरी बांधून देण्याच्या निमित्ताने तिच्या फार जवळ यायचा. तिने दोन मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी एका दादाला सांगितलं. दादा म्हणाला, ‘विसर्जन होऊ दे, मग बघू.’ विसर्जन झालं, हिशेब झाले, महाप्रसाद झाला. बघायचं राहूनच गेलं. पुढच्या वर्षी ती मुलगी आली नाही. नियमांचा फलक तेव्हाही मांडवात लावलेला होता. ‘महिलांचा आदर करा’ असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. तो वाचून दाखवायला कुणाला सांगायचं, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

यावर काय करायचं याचा विचार करताना आम्हाला वाटलं, बाहेरून काही आणायच्या आधी आपल्याच परंपरेत बघावं. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळ-मृदंग चालू असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि क्षणात शांतता पसरते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निकाल लागतो आणि त्यानंतर आरती होते.

यातल्या तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, तक्रार कशी करायची हे अगदी शेवटच्या वारकऱ्यालाही ठाऊक असतं. दुसरी, ती ऐकायचं काम ठरलेल्या माणसाकडे असतं. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: तक्रारीसाठी एवढा मोठा सोहळा थांबतो. तक्रार करणाऱ्याला ‘कार्यक्रमाचा रसभंग करतोस’ असं कुणी म्हणत नाही. आमच्या मांडवात या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. दरवर्षी पहिल्याच बैठकीत दोन जण नेमतो, त्यातली एक बाई. दोघंही पदाधिकारी नसतात आणि पदाधिकाऱ्यांच्या घरातलेही नसतात. त्यांची नावं आणि फोन नंबर मांडवाच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ आणि सरावाच्या जागी लावतो. तक्रार आली की आधी ऐकायचं, मधे ‘तो तसा नाहीये गं’ म्हणायचं नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला त्याच दिवशी त्या कामावरून बाजूला करायचं. हा दोषाचा शिक्का नव्हे, चौकशी नीट व्हावी म्हणून केलेली सोय आहे, हे त्यालाही सांगायचं. काय ऐकलं ते तारीख घालून लिहून ठेवायचं. दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणायचं नाही. पोलिसांकडे जायचं की नाही हे प्रौढ व्यक्तीने स्वतः ठरवायचं. जायचं ठरलं तर आपण सोबत जायचं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हा पर्याय नाही. मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. मंडळाची बदनामी होईल, हे कारण तिथे चालत नाही. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आमच्या फलकावर आता मोठ्या आकड्यांत असतात.

वागण्याबद्दल जे सांगितलं तेच गर्दीलाही लागू पडतं. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे ३०० भाविक गेले. वाट अरुंद, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या, कडेला दाटीने दुकानं, त्यात आग. यातलं एकेक कारण आपल्या मांडवातही लहान प्रमाणात असतं. म्हणून गर्दी कशी जीव घेते हे समजून घेऊ या. अशा वेळी माणसं बहुधा पायदळी तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या जागी छाती दाबली जाऊन त्यांचा श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं झाली की सावध व्हायचं. सहा-सातच्या पुढे माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हेलकावते. पुढे काय चाललंय हे मागच्यांना दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात.

मोजायला यंत्र लागत नाही. गर्दीतल्या माणसाला स्वतःचे हात छातीपर्यंत वर आणता येत नसतील, तर तिथे प्रवेश थांबवायची वेळ झाली. मागून आत येणाऱ्यांना आधी अडवायचं, बाहेरची वाट मोकळी करायची आणि मग पुढच्यांना हळूहळू काढायचं. यायची आणि जायची वाट वेगळी ठेवली तर निम्मा धोका तिथेच टळतो. पण हे करायचा अधिकार कोणाला? आमच्याकडे प्रवेशद्वारावरच्या कार्यकर्त्याला तो आधीच देऊन ठेवलेला असतो. त्याने हात वर केला की रांग थांबते. त्या वेळी आत कुणी पाहुणे यायचे असोत, आरती चालू असो, त्याने कुणालाही विचारायची गरज नाही. नंतर त्याचं चुकलं असं वाटलं तरी त्याला चारचौघांत बोलायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो हात वर करणार नाही.

दहीहंडीचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची वीस फुटांपर्यंत आणि गोविंदांचं वय किमान अठरा असं बंधन घातलं. पुढे २०१७ मध्ये उंचीचा निर्णय शासनावर सोडला गेला, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेऊ देणार नाही असं शासनाने न्यायालयात सांगितलं. आकडे बदलत गेले. पण हंडीखाली ढोल वाजत असताना, बक्षीस जाहीर झालेलं असताना, ‘हे पोर लहान आहे, उतरव त्याला’ असं म्हणणारा एक माणूस त्या पथकात हवा. तो नसेल तर न्यायालयाचा आदेश फाइलीतच राहतो.

आवाजाचंही तसंच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण आवाज कमी करायची कळ ज्याच्या हातात आहे, त्याला कोण सांगणार हे ठरलेलं नसतं. शेजारच्या आजोबांना झोप लागत नसेल तर त्यांनीही त्या दोघांपैकी कुणाला तरी फोन करायचा, असं आम्ही घरोघरी सांगून आलो. पहिल्या वर्षी रोज फोन आले. काही कार्यकर्ते चिडले. मग आम्हीच स्पीकरची तोंडं फिरवली आणि फोन कमी झाले.

हे सगळं जमतं, कारण आपल्या लोकांत शिस्त नाही असं नाही. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत रुग्णवाहिका आली की मुंगीलाही शिरायला जागा नसलेल्या रस्त्यात क्षणभरात वाट होते, हे आपण पाहिलं आहे. रुग्णवाहिकेचा भोंगा सगळ्यांना ऐकू येतो. गर्दीत घाबरलेल्या मुलीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तिच्यासाठी व्यवस्था आधी करून ठेवावी लागते.

पथक सोडून गेलेल्या त्या मुलीची आम्ही दोन वर्षांनी घरी जाऊन माफी मागितली. ती पथकात परत आली नाही. तिची धाकटी बहीण मात्र यंदा ताशा शिकायला आली आहे. पहिल्या दिवशी तिच्या आईने आम्हाला एकच विचारलं, काही झालं तर हिने कोणाला सांगायचं? आम्ही दोन नावं सांगितली. तुमच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय सर्वांत वर घ्या, वर्गणीच्याही आधी, आणि उठण्यापूर्वी ती दोन नावं ठरवा.