आच सोसणारं पारदर्शक प्लास्टिक

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचा पेशंट डायलिसिससाठी सावंगी मेघेच्या रुग्णालयात जातो, तेव्हा त्याच्या शेजारच्या मशीनला वीतभर लांबीची एक नळी उभी लावलेली असते. तिचं पारदर्शक कवच बहुधा पॉलिकार्बोनेटचं. आतले केसासारखे हजारो पोकळ तंतू पॉलिसल्फोनचे, नाहीतर त्याच्याच कुळातल्या पॉलिइथरसल्फोनचे. या दोन्ही घराण्यांच्या प्लास्टिकवर महाराष्ट्रातल्या माणसांनी महत्त्वाचं काम केलं. आपल्याकडे त्याची आठवण मात्र फार कमी निघते.

ॲक्रिलिक शंभरेक अंशांना मऊ पडतं. पॉलिकार्बोनेट 150च्या आसपास तग धरतं, पॉलिसल्फोन 185च्या पुढे आणि पॉलिइथरसल्फोन 220पर्यंत. साखळीतल्या बेंझिनच्या ताठ कड्यांमुळे ही ताकद येते. शिवाय या साखळ्या सहसा शिस्तीत रचल्या जात नाहीत, त्यामुळे स्फटिक होत नाहीत आणि प्रकाश आरपार जातो.

पॉलिकार्बोनेट 1953मध्ये जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे घडवलं. कारखान्यात मात्र ते फॉस्जीन या जीवघेण्या वायूपासून व्हायचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. शिवराम आणि सहकाऱ्यांनी फॉस्जीनविना जाणारी वाट धरली. आधी आखूड साखळ्यांचं पॉलिमर करायचं, मग त्याचे स्फटिक पाडायचे. पारदर्शक माल हवा म्हणून त्याला आधी पांढरं, अपारदर्शक करायचं! तसं केलं नाही तर तापवताना भुकटीचा गोळा होतो. मग वितळणबिंदूच्या खाली, घन अवस्थेतच तापवत राहायचं. साखळ्या जुळताना सुटणारा फिनॉल उडून जातो, साखळ्या लांबत जातात. मला या कामातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

जनरल इलेक्ट्रिकला हे काम इतकं पसंत पडलं की 1990च्या दशकात तिने पुण्याशी करार केला. पुण्याच्या या कर्तबगारीमुळेच कंपनीला भारतात संशोधन केंद्र काढावंसं वाटलं, असं या प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर सांगतात. ते केंद्र 2000मध्ये बेंगळुरूला उभं राहिलं.

दुसरी वाट केकी घरडांची. डोंबिवलीत रंग आणि कीटकनाशकांवर उभ्या राहिलेल्या या उद्योजकाने सल्फोन पॉलिमर हाती घेतले. या पॉलिमरचा एक घटक, डायक्लोरोडायफेनिल सल्फोन, क्लोरोबेंझिनपासून होतो. म्हणजे रंग आणि कीटकनाशकांच्या कारखानदाराला ओळखीचंच रसायन. जगातल्या मोजक्या कंपन्यांना जमलेलं काम इथे, आपल्याच हिमतीवर झालं. 2006मध्ये हा पॉलिमर व्यवसाय गुजरातेतल्या पानोलीच्या कारखान्यासह बेल्जियमच्या सॉल्व्हेने घेतला. घरडा 2024मध्ये गेले.

पुण्यात वाट सापडूनही पॉलिकार्बोनेट मात्र भारताला आजवर आयातच करावं लागलं. 2024मध्ये दीपक नायट्राइटच्या उपकंपनीने ट्रिन्सिओ या कंपनीशी करार केला : पॉलिकार्बोनेटच्या तंत्रज्ञानाचा परवाना आणि जर्मनीतल्या श्टाडे इथल्या कारखान्याची यंत्रसामग्री, मिळून सव्वापाच कोटी डॉलर.