काकडी आधी धुवा, मग सोला

उन्हाळा सुरू झाला की बाजारात काकडीचे ढीग दिसू लागतात. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. ती स्वस्त आहे, पचायला हलकी आहे आणि उपवासालाही चालते. मात्र ती आपण बहुधा कच्चीच खातो. भाजी-आमटीतील जंतू शिजताना मरतात, कोशिंबिरीतील मरत नाहीत. म्हणून काकडीच्या बाबतीत स्वच्छता हाच खरा उपाय होय.

'साल काढली की झाले, धुवायचे कशाला?' असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. काकडीचा वेल जमिनीवर पसरतो. माती, शेणखत, पाटाचे पाणी, हाताळणाऱ्यांचे हात आणि टवटवी राहावी म्हणून शिंपडलेले पाणी यांतून जंतू सालीवर येतात. न धुता सोलल्यास ते सुरीला व हातांना लागतात आणि तेथून आतल्या गरावर जातात. ओलसर गरावर त्यांची वाढ झपाट्याने होते.

२०१५ साली अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमुळे मोठी साथ पसरली. ४० राज्यांत ९०७ जण आजारी पडले व ६ जण दगावले. त्या जंतूचे नाव 'साल्मोनेला पूना'. अशा जंतूंना ते प्रथम सापडले त्या गावाचे नाव देण्याची प्रथा आहे, त्यावरून हे नाव पडले. त्या साथीशी पुण्याचा काहीही संबंध नव्हता.

घरी काय करावे?

प्रथम हात साबणाने धुवावेत. काकडी पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावी व स्वच्छ फडक्याने पुसावी. साबण लावू नये. आणल्या आणल्या सर्व काकड्या धुऊन ओल्या ठेवू नयेत, लागतील तेवढ्याच धुवाव्यात.

कडूपणा जावा म्हणून देठाकडचा तुकडा कापून फेस काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तेही धुतल्यानंतरच करावे, नाहीतर सालीवरची घाण कापलेल्या भागावर चोळली जाते. फारच कडू काकडी टाकून द्यावी, ती पोटाला बाधते.

ज्या विळीवर मासे वा मटण कापले, ती साबणाने धुतल्याशिवाय काकडीला वापरू नये. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून पिळायची असल्यास हात पुन्हा धुवावेत. मीठ, लिंबू किंवा दही घातल्याने जंतू मरतात, या भरवशावर राहू नये. कोशिंबीर जेवणाच्या वेळीच करावी. चिरलेली काकडी दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये; कडक उन्हाळ्यात तासाभरातच संपवावी किंवा झाकून फ्रिजमध्ये ठेवावी.

हॉटेलात व गाडीवर

सकाळी चिरून रात्रीपर्यंत वाढलेली काकडी धोक्याची. हॉटेलचालकांनी ती थोडी थोडी चिरावी, झाकून थंड जागी ठेवावी. एका टेबलावर उरलेली सॅलडची बशी दुसऱ्या टेबलावर पाठवू नये. जुलाब होत असलेल्या कामगाराला चिरण्या-वाढण्याचे काम देऊ नये. ग्राहकांनीही चकत्या सुकलेल्या वा बुळबुळीत दिसल्या तर परत कराव्यात. गाडीवर उघड्या ठेवलेल्या फोडींऐवजी अख्खी काकडी घ्यावी आणि घरी आणून धुऊन खावी.

लक्षणे

साल्मोनेलाची बाधा झाल्यास बहुधा सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप व पोटात कळा सुरू होतात. जलसंजीवनी लगेच सुरू करावी. शौचावाटे रक्त पडणे, लघवी कमी होणे, खूप ताप किंवा ग्लानी असल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. लहान मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर वाट पाहूच नये.

काकडी अवश्य खावी. ती धुवायला मिनिटभर लागते, जुलाबांतून उठायला आठवडा जातो.