मनगट हललं पाहिजे, गाडी नव्हे

डोंबिवली ते सीएसएमटी सुमारे ४८ किलोमीटर. जाऊन-येऊन जवळजवळ शंभर. रोज एवढा प्रवास करूनही हातातलं ऑटोमॅटिक घड्याळ मध्येच थांबतं, तेव्हा लोक चक्रावतात. गाडीत धक्के काय कमी बसतात?

घड्याळाला किलोमीटरशी देणंघेणं नाही. आत रोटर नावाचा जड अर्धगोल असतो. मनगटाचा कल बदलला की त्याची जड बाजू खाली येते, तो फिरतो आणि चाकांमार्फत मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. गाडी एका वेगात धावत असेल तर त्याला काहीच जाणवत नाही. ब्रेक लागताना हलतो, तेवढाच. त्यात कडी धरून उभ्या असलेल्याचा हात ठाण्यापर्यंत एकाच कोनात, आणि पुढे दिवसभर कीबोर्डवर! त्यापेक्षा दोरीवर कपडे वाळत घालताना घड्याळाला जास्त चावी मिळते.

भरलेली स्प्रिंग साधारण ४० तास पुरते. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी थांबणारच, त्यात बिघाड काही नाही. घालण्याआधी चावीचे वीस-तीस वेढे द्यावेत. 'जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटते' ही भीती एचएमटी जनतासारख्या हातचावीच्या घड्याळांची. तिथे चावी घट्ट लागली की थांबायचं. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला नुसतं दाबून बसलेलं असतं; भरली की ते घसरतं. जुन्या सीको ५ च्या बऱ्याच मॉडेलांत मात्र चावी द्यायची सोयच नाही, ती हातात धरून हळू डोलवायची.

तारखेची घाई नको. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात. तेव्हा चावीनं तारीख बदलली तर दाते मोडू शकतात. बंद घड्याळात रात्र की दिवस हे कळत नाही, म्हणून काटे आधी साडेसहावर आणावेत, मग तारीख.

घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे धावू लागलं, तर संशय चुंबकाचा. स्पीकर किंवा पर्सचं चुंबकी बटण जवळ आलं की हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. घड्याळजीकडे हे मिनिटभराचं काम. पावसाळ्यात काचेआड वाफ दिसली तर मात्र त्याच दिवशी त्याला गाठावं, गंज थांबत नाही.

रोज १० सेकंद मागे पडणं यांत्रिक घड्याळाला माफ आहे. पण महिन्याला ती ५ मिनिटं होतात आणि फास्ट लोकल निघून जाते. तेव्हा रविवारी काटे मोबाइलशी जुळवून घ्यावेत.