समुद्र दिसत नाही ती खोली

चाफे मागे पडतं, उतार लागतो आणि गणपतीपुळ्याच्या अलीकडेच आमची क्रूझर थांबते. पुढे गाड्यांची रांग आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुण्या-मुंबईच्या मोटारी, सांगली-कोल्हापूरच्या बस, शाळांच्या सहली, आणि या सगळ्यांत हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याहून निघालेले आम्ही: आई, मावशी, दाजी, त्यांची पोरं आणि वसमतचा ड्रायव्हर. आमच्याकडच्या देवदर्शनाचा हा ठरलेला रस्ता. आधी पंढरपूर, मग अंबाबाई, जोतिबा, शेवटी आंबा घाट उतरून पुळ्याचा गणपती. समुद्र त्यानंतर, देवाच्या मागून.

काचेवर टकटक होते. "रूम पाहिजे का रूम? सी व्ह्यू, एसी, पार्किंगसकट." पोराच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आहे. दाजी लगेच खाली उतरतात. कुरुंद्याहून एवढं लांब यायचं आणि समुद्र दिसणार नाही अशी खोली घ्यायची, हे त्यांना पटणारं नाही.

खोली खरोखरच समुद्रासमोर आहे. गॅलरीत उभं राहिलं की पाणी दिसतं, पण पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. खाली भेळवाला तवा वाजवतोय, उंटाच्या गळ्यातल्या घंटा आहेत, वाळूत चारचाकी बाइक घरघरतात, हॉटेलाच्या मागे जनरेटर धडधडतोय. या सगळ्यातून मधेच जीवरक्षकाची शिट्टी येते. लक्ष देऊन ऐकावा असा इथला आवाज तोच एक, कारण पुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही, आणि पोहायला उतरलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या येतच असतात.

"रात्री दहाला सगळं बंद होतं," किल्लीवाला सांगतो. कायदाही तेच सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. पण रात्री बाराला पोचलेल्या गाड्यांची दारं, जिन्यातल्या हाका, पहाटे देवळाला निघालेल्यांच्या बादल्या, यांना कोणता नियम लावणार? आई पलंगावर टेकते, चारही बाजूंना कान देते आणि एवढंच म्हणते, "इथं झोप लागायची नाही बाबा."

खोलीचं नंतर बघू म्हणून आम्ही आधी दर्शन उरकतो. पुळ्याला देव म्हणजे डोंगरच, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, डोंगराला घालतात. वाट सुमारे एक किलोमीटरची. सुरुवातीला दुकानं आणि मोबाइलवर फोटो काढणारी गर्दी. डोंगराच्या पाठीमागे वळलो की आवाज तुटतो. पायाखाली गार फरशी, बाजूला झाडी, मागून येणाऱ्या कुणा बाईच्या बांगड्या स्पष्ट ऐकू येतात. मला वाटतं, मुक्कामाची जागा शोधायची रीत या प्रदक्षिणेतच आहे. समुद्राच्या समोर नाही, डोंगराच्या किंवा झाडीच्या आड बघायचं.

प्रसाद घेताना दाजी शहाळेवाल्याला विचारतात. तो उत्तरेकडे बोट करतो. "मालगुंडात जा. घरगुती खोल्या आहेत. समुद्र मात्र चालत जाऊन बघायला लागेल."

मालगुंड पुळ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून गाडी आत वळते आणि लगेचच थांबवावी लागते, कारण पुढे पाखाडी आहे. चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगे. सामान हातात घेऊन उतरतो. घर कौलारू, पुढे ओटी, मागे नारळी-पोफळीचं आगर. घरच्या काकू कमरेला पदर खोचून बाहेर येतात आणि खोली दाखवायच्या आधी आमचीच चौकशी करतात.

"किती माणसं? पिणारे कुणी नाहीत ना? गाडीतली गाणी इथं लावायची नाहीत. दहानंतर ओटीवर गप्पा मारा हव्या तर, पण हळू. शेजारी म्हातारी माणसं आहेत."

दाजींना हे जरा लागतं. पैसे आपण मोजायचे आणि अटी त्यांनी घालायच्या? मला मात्र खात्री पटते की आपण बरोबर दारात आलोय. इथली शांतता आपोआप टिकलेली नाही, ही बाई गिऱ्हाइकं परत पाठवून ती टिकवते. एकतीस तारखेला ती खोल्या देतच नाही, हेही जेवताना कळतं. वर्षातल्या सगळ्यात महागड्या रात्रीवर पाणी सोडणं सोपं नाही. पुळ्याच्या किल्लीवाल्याला मी दोष देत नाही, त्याचं पोट याच आठवड्यांवर आहे. पण झोप हवी असेल तर नाही म्हणू शकणारं घर शोधावं.

रात्री दिवे मालवल्यावर मावशी उठून बसते. "जमीन वाजायली का रे?"

हसू येतं, पण प्रश्न खोटा नाही. आमच्या वसमत तालुक्यात, पांगरा शिंद्याच्या बाजूला, जमिनीतून गूढ आवाज येतात आणि 2024 साली मार्च आणि जुलैत भूकंपाचे धक्केही बसले. असा खोल आवाज कानावर आला की आमची माणसं आधी पोरांना बाहेर काढतात. पलीकडच्या खोलीतून काकू म्हणतात, "भरती आहे हो ती. झोपा." मावशी काही वेळ जमिनीवर तळवा ठेवून बघते, मग आडवी होते. गळीत हंगामात रात्रभर गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर ऐकत झोपणारी आमची माणसं. शेतातल्या आखाड्यावर निजायची सवय असलेल्या दाजींनाच तेवढी अशा रात्रीची ओळख, आणि तेच सगळ्यांत आधी घोरू लागतात.

सकाळी मी चालत केशवसुतांच्या स्मारकाकडे जातो. 1866 साली कृष्णाजी केशव दामले याच गावात जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचं जन्मघर जपलंय. 'तुतारी' लिहिणारा कवी इतक्या निवांत गावात जन्मावा, याची गंमत वाटते. पुळ्याला आलेल्या हजारोंपैकी इथे या वेळी मी आणि अंगण झाडणारा माणूस, दोघंच.

परतताना दाजी ओटीवर बसलेत आणि गावाकडच्या कुणाला तरी फोनवर सांगतायत, "समुद्र दिसत नाही, पण घ्या."

तुम्हीही निघणार असाल तर फोनवर समुद्र किती जवळ हे विचारू नका. जनरेटर कुठं आहे, गाड्या कुठं लागतात, रस्ता खोलीपासून किती लांब आहे, दहानंतरचा नियम काय, हे विचारा. मालगुंडात जागा नसेल तर दक्षिणेला नेवरे आहे, तिथे सुरूचं बन आहे. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि अंगारकी टाळता आली तर टाळा. आणि जेवणात मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.