झोपलेला मेंढपाळ

डोंगराच्या शेंड्यावर एक मूल बसलंय. पायांची अढी, डोळे मिटलेले, गाल उजव्या हातावर टेकलेला. अंगात लोकरीचा अंगरखा, खांद्यावर एक कोकरू, मांडीवर दुसरं. सतराव्या शतकात गोव्यात अशा हस्तिदंती मूर्ती पुष्कळ घडल्या. दंत येई आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, कोरणारे हात इथले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्या पाहायला मिळतात.

हे मूल म्हणजे येशू. योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात तो स्वतःला मेंढरांसाठी प्राण देणारा उत्तम मेंढपाळ म्हणवतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेलं मेंढरू सापडतं आणि धनी ते आनंदाने खांद्यावर घेतो. मूर्तीच्या खांद्यावरचं कोकरू तिथलं. रोमच्या भुयारी दफनभूमींतही असा मेंढपाळ रंगवलेला आहे, पण तो जागा आणि उभा. गोव्यात तो लहान झाला, खाली बसला आणि झोपी गेला.

मूर्ती वाचायची खालून वर. पायथ्याच्या गुहेत मग्दालीया मरीया आडवी झाली आहे, पुढ्यात ग्रंथ: हा पश्चात्ताप. तिच्या वर कारंजं आणि त्यावर तहान भागवणारे जीव: ही देवाची कृपा, जीवनाचं पाणी. त्याही वर मेंढपाळ. अक्षरओळख नसलेल्या भाविकालाही हा प्रवास कळावा, अशी ही रचना. बारकाईने पाहिलं तर मरीयेचाही हात गालाला आहे. पश्चात्ताप करणारी आणि तिला तारणारा, दोघांची ठेवण एकच.

मग तारणारा झोपलेला का? कोणी त्या झोपेत क्रुसावरच्या मरणाची चाहूल पाहतात, कोणी ध्यान. मिटलेले डोळे आणि पायांची अढी पाहून अनेक अभ्यासकांना बुद्धमूर्ती आठवते. आपल्याकडे देव असा बसतो, हे कोरणाऱ्याला कोणी शिकवायला नको होतं.

चर्चला याची धास्ती होतीच. 1567 मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्तींचं काम बिगरख्रिस्ती कारागिरांना देऊ नये, असं बजावलं. बजावावं लागलं, म्हणजे काम दिलं जात होतं.

दुसरीकडे, 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून आलं. पुराण ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती माणसांसाठी त्या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. ओवी त्याने जाणून निवडली होती. मूर्तिकाराने काय ठरवून केलं आणि काय हाताच्या सवयीने उतरलं, हे सांगणारा कागद मागे नाही. पण दोन्हींकडे घडलं ते एकच: शिकवण परदेशातून आली, तिला बैठक मात्र इथली मिळाली. त्या बैठकीमुळेच ती इथे परकी राहिली नाही.