घास गिळताना श्वास का थांबतो?

जेवताना बोलू नये, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यामागे शरीरशास्त्रीय कारण आहे. हवा आणि अन्न या दोहोंची वाट घशात एकच असते. पुढे श्वासनलिका समोर आणि अन्ननलिका तिच्या मागे, अशा दोन वाटा फुटतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू मिटतात आणि झाकणासारखा पडदा श्वासमार्गावर कलतो. या वेळी साधारण अर्धा ते एक सेकंद श्वास थांबतो. गिळून झाल्यावर बहुधा उच्छ्वासच होतो. त्यामुळे घशात उरलेला कण आत ओढला जात नाही. या क्रियेचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते.

बोलताना किंवा हसताना हा मेळ चुकला, की ठसका लागतो. ठसका हा शरीराच्या संरक्षणाचाच उपाय होय. पक्षाघातानंतर मात्र काही रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडते आणि अन्न श्वासमार्गात जाऊनही ठसका लागत नाही. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णाच्या गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्याला पाण्याचा घोटही देऊ नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात तर पाणी कधीच घालू नये.