तरंगत्याचा तोल : उजनी ते मुंबई हाय

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यात बुडाली. वळवाचे दिवस होते. अचानक वादळी वारा सुटला, लाटा उठल्या आणि होडीत पाणी शिरले. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. एनडीआरएफच्या जवानांना मृतदेह मिळायला तिसरा दिवस उजाडला.

बारामती-भिगवणच्या बाजूला हे पाणी सर्वांच्या ओळखीचे आहे. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि ११७ टीएमसीचा यशवंतसागर जलाशय उभा राहिला. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, कुंभारगावला रोहित पक्षी येऊ लागले आणि समोरासमोरच्या गावांत मैलोगणती वळसा पडला. म्हणून होडी आली. माणसे बसतात, बाजाराच्या पिशव्या असतात, मोटारसायकलही चढवतात. एवढ्या वाहतुकीच्या पाण्याला आपण अजून तळेच समजतो, हे मला धोक्याचे वाटते.

साधा हिशेब करू. पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून ताशी पन्नासेक किलोमीटरचा वारा वाहत राहिला, तर लाट उठते जेमतेम पावणेदोन फुटांची. समुद्रावरचा माणूस तिच्याकडे बघणारही नाही. पण ती दर अडीच सेकंदांनी येते, आणि खरी मेख तिथे आहे.

प्रत्येक तरंगत्या वस्तूला डोलण्याची स्वतःची लय असते. १७४६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी मेटासेंटरची कल्पना मांडली : हा बिंदू गुरुत्वमध्याच्या जितका वर, तितकी होडी कललेली असताना चटकन सरळ होते. सहा फूट रुंद होडीत हे अंतर पावणेदोन फुटांच्या आसपास असेल, तर तिचा एक झोका साधारण दोन सेकंदांचा. आता वारा सुटला, माणसे घाबरून उभी राहिली. माणसांचे आणि होडीचे वजन सारखे धरले, तरी सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य अर्धा फूट सहज वर जातो. अंतर सव्वा फुटावर येते आणि झोका अडीच सेकंदांच्या जवळ सरकतो, म्हणजे जवळजवळ लाटेच्या तालावर. मग प्रत्येक लाट आधीच्या कलण्यात भर घालते. तळाशी चार बोटे पाणी साचलेले असेल, तर तेही कललेल्या बाजूला धावते आणि उरलासुरला तोल काढून घेते.

रामदास बोटीची आठवण कोकणात अजून ताजी आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलली, घाबरलेली गर्दी एका बाजूला लोटली गेली, आणि एवढ्या मोठ्या बोटीलाही सावरता आले नाही.

याहून चकवणारा प्रकार मोठ्या जहाजांत दिसतो. लाट समोरून येते, बाजूने धक्का बसतच नाही, तरी जहाज कुशीवर झोके घेऊ लागते. झोपाळ्यावर उभे राहून गुडघे वाकवणारी मुलगी एका झोक्यात दोनदा जोर देते, कोणी ढकलत नसताना झोका चढतो. तसेच लाटेचा माथा जहाजाच्या मध्याशी आला की तोल क्षीण होतो, खळगा आला की बळावतो. हे एका झोक्यात दोनदा घडले की कलणे वाढतच जाते. विल्यम फ्रूड यांनी १८६१ च्या सुमारास हे ओळखले होते. तरीही ऑक्टोबर १९९८ मध्ये एपीएल चायना या कंटेनर जहाजाने प्रशांत महासागरात शेकडो कंटेनर गमावले, तेव्हा कुठे जहाजबांधणीच्या जगाने ते मनावर घेतले. तेलविहिरींवरच्या उंच, नळकांड्यासारख्या तरंगत्या मंचांनाही वर-खाली होता होता असेच डोलणे लागू शकते.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राची कथा वेगळी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पापा-३०५ या तराफ्यावर २६१ माणसे होती. तराफ्याला स्वतःचे इंजिन नव्हते. नांगर सुटले, तो वाहत जाऊन एका तेलमंचावर आदळला, भोक पडले आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तरहून अधिक लोक दगावले. तिथे आधी तुटली ती नांगरांची बांधणी. वादळाचा इशारा आलेला असताना माणसे तिथे ठेवली गेली, हे मात्र कोणत्याही समीकरणाबाहेरचे आहे.

पुन्हा उजनीकडे. शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली, हे चांगलेच झाले. पण पूल झाला तरी मासेमारी आणि पक्षीनिरीक्षणाच्या होड्या थांबणार नाहीत. होडीचा तोल तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. होडीत ओळंबा टांगा, ठरावीक वजनाचे पोते मधून कडेला सरकवा, ओळंबा किती हलला ते मोजा. मेटासेंटर किती वर आहे ते यावरून आणि होडीच्या एकूण वजनावरून निघते. दहा झोक्यांना लागणारा वेळ घड्याळावर मोजला की लयही कळते. बारामतीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुट्टीत प्रत्येक धक्क्यावरची होडी अशी तपासावी, आणि किती माणसे, बसून की उभी, कोणत्या वाऱ्याला फेरी बंद, हे त्या होडीवरच रंगवून द्यावे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने नोंदणी आणि तपासणीची चौकट दिलेलीच आहे. वळीव दरवर्षी मेमध्ये येतो, तेव्हा हे काम एप्रिल संपायच्या आत व्हायला हवे.